पावती पुस्तकापासून पगारपत्रकापर्यंत

कामगाराने आपल्या संघटनेला द्यायची वर्गणी मालकाने पगारातूनच कापून घ्यावी आणि ती संघटनेकडे परस्पर भरावी, या पद्धतीला कामगार चळवळीत ‘चेक-ऑफ’ म्हणतात. पगारपत्रकावर तिची नोंद एका ओळीची असते. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, पतसंस्थेचा हप्ता आणि त्याच रांगेत संघटनेची वर्गणी. रक्कम या सगळ्यांत लहान असते. तरीही भारतातल्या वेतनविषयक कायद्यात या ओळीला जागा मिळायला १९८२ साल उजाडावे लागले. पतसंस्थेच्या हप्त्याला ती १९३६ मध्येच मिळाली होती. मधल्या ४६ वर्षांत संघटना, मालक आणि सरकार यांच्यात जे घडले, त्यातूनच आजची पद्धत तयार झाली.

ही ओळ कोणाच्या पगारापर्यंत पोहोचते, हे एखाद्या लहान गावातून नीट दिसते. वर्धा जिल्ह्यातले सेलू हे बोर नदीच्या खोऱ्यातले तालुक्याचे गाव, नागपूर–वर्धा मार्गावरचे. कापूस आणि केळी ही इथली जुनी ओळख. सिंदी (रेल्वे) याच तालुक्यात येते आणि कापसाच्या रोजच्या बाजारभावात ‘सिंदी (सेलू)’ हे नाव विदर्भातल्या शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. अशा गावात कष्टकऱ्यांचे दोन वेगळे वर्ग दिसतात. पंचायत समिती, शाळा, टपाल, वीज आणि बँक यांतल्या नोकरदारांच्या नावाने दरमहा पगारपत्रक निघते. वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार, शेतमजूर, जिनिंगमधले हंगामी मजूर आणि बाजारातले हमाल यांच्यातल्या बहुतेकांनी पगारपत्रक नावाचा कागद पाहिलेला नसतो. वर्गणीची कपात फक्त पहिल्या वर्गापर्यंत पोहोचते, आणि तिचा इतिहास समजून घेताना ही मर्यादा सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

पगारातली कपात हा शब्द वऱ्हाड-नागपूरच्या कामगाराला संघटनेच्या कितीतरी आधीपासून माहीत होता, आणि तो धास्तीचा शब्द होता. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला, नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली आणि कापसाच्या या पट्ट्यात गिरण्या उभ्या राहू लागल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. एकोणिसावे शतक संपेपर्यंत हिंगणघाट आणि पुलगाव इथेही कापड गिरण्या आल्या, आणि गावोगावी सरकी काढणारे, गाठी बांधणारे कारखाने दिवाळीनंतर धडधडू लागले. गिरणीत उशीर झाला तर दंड, माल बिघडला तर दंड, एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा रोज बुडे. बिघडलेले कापड कामगाराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची चालही होती. वर मुकादमाची दस्तुरी. पगार हातात पडण्याआधीच त्याला किती वाटा फुटतील, याचा भरवसा नसे.

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने या दंडांची आणि कपातींची दखल घेतली. नारायण मल्हार जोशी या कमिशनचे सदस्य होते. मुंबईच्या कामगार वस्त्यांत सोशल सर्व्हिस लीगमार्फत काम केलेल्या आणि १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या (आयटक) स्थापनेत पुढे असलेल्या जोशींना पगाराच्या खिडकीवर काय घडते ते पक्के ठाऊक होते. कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम झाला. तो २८ मार्च १९३७ पासून लागू झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि जास्त असतील तर दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे, दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावा, असे त्यात ठरले. सर्वांत महत्त्वाचे होते कलम ७. या कलमात दिलेल्या यादीबाहेरची कोणतीही कपात बेकायदा. कामगाराने मालकाच्या हातात परत ठेवलेला पैसासुद्धा कायद्याने कपातच मानला. रेल्वे आणि कारखाने यांना कायदा लगेच लागू झाला, त्यामुळे कपाशीच्या पट्ट्यातले हंगामी कारखानेही, कागदोपत्री तरी, त्याच्या कक्षेत आले.

त्या यादीत दंड होता, गैरहजेरी होती, घरभाडे, उचल, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी आणि सहकारी संस्थेचे देणेही होते. संघटनेची वर्गणी नव्हती. पगाराला संरक्षण देण्यासाठी केलेल्या कायद्यानेच संघटनेची ही वाट बंद ठेवली, आणि त्या काळी त्याबद्दल फार मोठी ओरड झाल्याचे दिसत नाही. कारण दोन्ही बाजूंना ते सोयीचे होते. मालकाला आपल्याच हिशेबनिसाने संघटनेची तिजोरी भरावी हे रुचणारे नव्हते. संघटनेलाही मालकाच्या हातून येणारा पैसा धोक्याचा वाटे. कपातीसाठी सभासदांची यादी मालकाकडे द्यावी लागते आणि संप झाला की तीच यादी कामावरून काढायच्या माणसांची यादी होऊ शकते. शिवाय ज्या दिवशी संघटनेला पैशाची खरी गरज, त्याच दिवशी पगार थांबलेला, म्हणजे कपातही थांबलेली.

मग वर्गणी गोळा व्हायची ती पावती पुस्तकावर. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेला नोंदणी मिळाली, निधी कशावर खर्च करायचा याची यादी मिळाली, राजकीय कामासाठी वेगळा आणि ऐच्छिक निधी ठेवण्याची अट आली आणि दरवर्षी हिशेब सादर करणे आले. त्यामुळे दर चार-आठ आण्यांची पावती जपणे भाग पडले. पगाराच्या दिवशी खात्यातला प्रतिनिधी दरवाजाबाहेर उभा राहायचा, नाहीतर संध्याकाळी चाळीत फिरायचा. पावती फाडताना कामगार चार गोष्टी बोलून घ्यायचा: अमुक मुकादम त्रास देतो, तमक्याची बदली अडली, मागच्या महिन्याच्या अर्जाचे काय झाले. वर्गणी न देणे हेही एक मत होते आणि ते प्रतिनिधीच्या तोंडावर व्यक्त होत असे. मुंबईत १९२८ च्या संपात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची ताकद गिरणीवार समित्यांत होती, आणि सभासद करणे, वर्गणी घेणे ही त्या समित्यांची रोजची कामे होती. नागपूरकडे आर. एस. रुईकरांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार संघटित झाले तेही याच मार्गाने. या पद्धतीचे दोष उघड होते. दोन महिने प्रतिनिधी फिरकला नाही की वर्गणी थकायची, पुस्तके हरवायची, चांगला कार्यकर्ता वसुलीतच दमून जायचा. तरी संघटनेचा आणि सभासदाचा दरमहा समोरासमोर हिशेब होत होता, आणि त्याची किंमत मोठी होती.

स्वातंत्र्याच्या सुमारास वर्गणीला नवाच अर्थ आला. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ याने एका उद्योगात, एका स्थानिक क्षेत्रात एकच ‘प्रातिनिधिक संघ’ मानला आणि सभासद कोण याची व्याख्या वर्गणीवर बांधली. दरमहा किमान चार आणे भरणारा तो सभासद, आणि तीन महिने थकले की तो सभासद नाही. पुढे चार आण्यांच्या जागी पन्नास पैसे आले. प्रातिनिधिक संघ ठरण्यासाठी उद्योगातल्या कामगारांचा ठराविक हिस्सा सभासद असणे आवश्यक झाले. पावती ही केवळ पैशाची पोच राहिली नाही, ती मतपत्रिका झाली. हा कायदा वर्ध्याला मात्र लगेच लागू नव्हता. जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि तिथे १९४७ चा वेगळा औद्योगिक तंटे निवारण कायदा चालू होता. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि मुंबईचा कायदा विदर्भात आला तो १९६५ मध्ये. हिंगणघाट-पुलगावच्या गिरणी कामगाराला प्रतिनिधित्वाचे मुंबईचे गणित लागू व्हायला जवळजवळ दोन दशके लागली.

या कायद्यात वर्गणीच्या वसुलीसाठी एक लक्षात ठेवण्याजोगी तरतूद होती. मान्यताप्राप्त संघाच्या पदाधिकाऱ्यांना, जिथे पगार वाटला जातो त्याच जागेत सभासदांकडून वर्गणी गोळा करण्याचा हक्क मिळाला. मालकाने कापायचे नाही, पण दरवाजाबाहेर उन्हात उभेही करायचे नाही. पगार पूर्ण हातात पडेल, कामगार तो मोजून घेईल आणि मग शेजारच्या टेबलावर आपल्या हाताने वर्गणी देईल. हा मधला मार्ग विचारपूर्वक काढलेला होता. पैसा देण्याची कृती कामगाराच्याच हाती राहिली आणि संघटनेची पायपीटही वाचली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध यांचा कायदा केला, तेव्हा हाच हक्क त्यातही घेतला. तो कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला.

देशपातळीवरही मोजणी वर्गणीनेच होऊ लागली. १९५८ मध्ये नैनीतालच्या भारतीय श्रम परिषदेत शिस्तसंहितेवर एकमत झाले. संघटनेला मान्यता देण्याच्या निकषांत मागच्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने वर्गणी भरलेलाच सभासद धरायचे ठरले. पडताळणीला येणारा अधिकारी पावतीच्या स्थळप्रती, रोकडवही आणि बँकेचे पुस्तक ताडून पाहायचा. इथेच पावती पुस्तकाची पुरती फजिती झाली. एकाच कामगाराच्या नावाने दोन-दोन संघटनांच्या पावत्या निघत. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यासाठी संघटनाच सभासदांच्या नावाने पैसे भरी. मालकाची मर्जी असलेली संघटना कागदावर एका रात्रीत फुगे. समोरासमोरच्या विश्वासावर चाललेले साधन सरकारी मोजणीच्या कामाला लावले आणि ते विश्वासाच्याच जागी तुटले. कपातीच्या पद्धतीला पाठिंबा वाढला तो या अनुभवातून. कपातीसाठी कामगाराची सही लागते, पगारपत्रकावर नोंद राहते आणि एका माणसाच्या पगारातून एकाच संघटनेची वर्गणी कापायची असे ठरवता येते.

या मोजणीचा संबंध वर्धा जिल्ह्याशी आणखी एका वाटेने येतो. आर्वी इथे १० नोव्हेंबर १९२० रोजी जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. सुरुवातीला या संघटनेकडे फारसे सभासद नव्हते. १९८९ अखेरची सदस्यसंख्या धरून केंद्र सरकारने केलेल्या पडताळणीत ती देशात पहिल्या क्रमांकावर आली. श्रम परिषदेत आणि त्रिपक्षीय समित्यांत कोणाला किती जागा, हे अशा पडताळणीवर ठरत असल्यामुळे वर्गणी नोंदवण्याची रीत हा केंद्रीय संघटनांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला.

प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात कपातीच्या बाजूने कौल दिला. मान्यताप्राप्त संघटनेने मागणी केली तर व्यवस्थापनाने ती मान्य करावी आणि त्यासाठी कायद्यात वाट मोकळी करावी, असा त्याचा रोख होता. ती वाट १९८२ मध्ये झाली. वेतन प्रदान अधिनियमाच्या दुरुस्तीने कलम ७ मध्ये नवी तरतूद घातली: नोंदणीकृत कामगार संघटनेच्या सदस्यत्वाची वर्गणी, कामगाराच्या लेखी संमतीने, पगारातून कापता येईल. दुरुस्ती १५ ऑक्टोबर १९८२ पासून लागू झाली. त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला होता, आणि कायद्याने मानलेल्या प्रातिनिधिक संघाच्या मागे कामगार उरले आहेत का, हा प्रश्न रस्त्यावर विचारला जात होता. दुरुस्तीचा उगम त्या संपात नाही. पण वर्गणीच्या नोंदीवरून कामगाराचे मन कळते का, ही शंका तेव्हाइतकी धारदार क्वचितच झाली असेल.

दुरुस्तीतले तीन बारकावे महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे लेखी संमती प्रत्येक कामगाराची हवी, संघटनेच्या ठरावाने किंवा करारातल्या कलमाने ती भरून निघत नाही. दुसरा, ही परवानगी होती, सक्ती नव्हती. कापण्यास मालक कायद्याने बांधला गेला नाही, त्यामुळे कपात मिळवणे हा पुन्हा वाटाघाटीचाच विषय राहिला. तिसरा, परवानगी सदस्यत्वाच्या वर्गणीपुरती होती. वेतनकरारानंतर थकबाकीतून घेतली जाणारी एकरकमी देणगी किंवा संपाचा निधी तिच्यात बसत नव्हता. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत आणि सहकारी संस्थेचे देणे असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत जाव्यात, ही त्या कायद्यातली मर्यादा वर्गणीलाही लागू होती.

इतर देशांत या प्रश्नाची उत्तरे फार वेगवेगळी निघाली. कॅनडात फोर्ड कंपनीच्या विंडसर इथल्या संपानंतर न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी १९४६ मध्ये दिलेल्या निवाड्यानुसार सभासद असो वा नसो, कराराचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकाच्या पगारातून वर्गणी कापायची असे ठरले. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने कामगाराची स्वतंत्र लेखी संमती आवश्यक केली. ब्रिटनने १९९३ मध्ये दर तीन वर्षांनी नव्याने संमती घेण्याची अट घातली आणि पाचच वर्षांत ती काढून टाकली. भारताने लेखी संमतीचे तत्त्व स्वीकारले आणि सभासद नसलेल्याला वर्गणीपासून पूर्ण मोकळे ठेवले.

कपात मोजणीचे साधन म्हणून पक्की झाली ती केंद्र सरकारच्या नोकरीत. केंद्रीय नागरी सेवांतल्या संघटनांच्या मान्यतेचे १९९३ चे नियम सांगतात की सदस्यसंख्येची पडताळणी पगारपत्रकातल्या कपातीवरूनच होईल, आणि मान्यतेसाठी त्या वर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी सभासद हवेत. सेलूच्या टपाल कार्यालयातला कर्मचारी कोणत्या संघटनेचा, हे त्याने सही करून दिलेल्या अर्जावरून ठरते आणि दिल्लीतल्या मान्यतेच्या बेरजेत त्याचा एक आकडा मिळवला जातो. याच काळात न्यायालयाचे मत मात्र दुसरीकडे झुकत होते. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाला पसंती दिली आणि ते कसे घ्यावे याची पद्धत आखून दिली. कपातीच्या अर्जावर कामगाराचे नाव उघड असते, मतपेटीत ते झाकलेले राहते. मालकाची भीती ज्याने अनुभवली आहे त्याला हा फरक पटेल. रेल्वेनेही २००७ मध्ये मान्यतेसाठी गुप्त मतदान घेतले. दुसऱ्या श्रम आयोगाने २००२ मध्ये दोन्हींची सांगड घालून पाहिली: तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कपात सक्तीची आणि लहान आस्थापनांत गुप्त मतदान.

तीनशेचा हा आकडा सेलूसारख्या गावातून फार दूरचा दिसतो. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही मान्यतेचे प्रकरण पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमालाच लागू आहे, आणि मान्यतेसाठी अर्जाआधीचे सलग सहा महिने ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. जिथे हंगामच चार-सहा महिन्यांचा, तिथे जिनिंगच्या मजुराला सहा महिन्यांची सलग वर्गणी दाखवणे जवळजवळ अशक्य. सरकी काढण्याच्या यंत्रावर कापूस लोटणाऱ्या बाया-माणसांनी संघटना केली तरी ती मोजण्याची व्यवस्था त्यांच्या कामाच्या ऋतूशी कधी जुळलीच नाही. ही त्या कायद्याची मोठी उणीव आहे.

नोकरदारांच्या बाजूने पाहिले तर तालुक्याच्या गावातले कपातीचे सर्वांत रुळलेले रूप पतसंस्थेचे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने करार करून दिला की पगारातून संस्थेचे देणे कापणे मालकावर बंधनकारक होते. शिक्षक किंवा ग्रामसेवक आपल्या पतसंस्थेचा हप्ता चुकवू शकत नाही, कारण तो कापूनच येतो. संघटनेच्या वर्गणीला हे बळ कायद्याने कधी दिले नाही. कर्जाची वसुली सक्तीची आणि संघटनेची वर्गणी मालकाच्या राजीखुशीची, हा क्रम कामगाराच्या बाजूने पाहता उलटा आहे.

पगारपत्रक नसलेल्यांसाठी महाराष्ट्राने एक प्रयोग केला तो १९६९ च्या माथाडी कायद्याचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यात मालक हमालाला थेट मजुरी देत नाही. तो मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मंडळ टोळीतल्या नोंदणीकृत कामगारांना मजुरी देऊन त्यांच्या भविष्य निर्वाह निधीची व उपदानाची सोय पाहते. एक मालक नसलेल्या माणसाच्या नावाने खाते आणि हिशेब तयार करण्याचे हे काम देशात पथदर्शी ठरले. पण ते नोंदणी झालेल्या टोळ्यांपुरते.

सालदाराला यातले काहीच लागू नाही. वर्षाची बोली गुढीपाडव्याच्या किंवा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते, काही रक्कम उचल म्हणून आधी मिळते, काही धान्यात आणि उरलेली अडीअडचणीला थोडी थोडी. उचलीची वजावट हीच त्याच्या हिशेबातली एकमेव कपात. २००१ च्या दुरुस्तीने ट्रेड युनियन कायद्यातली किमान वर्गणी ग्रामीण कामगारासाठी वर्षाला एक रुपया, इतर असंघटित कामगारासाठी तीन रुपये आणि बाकीच्यांसाठी बारा रुपये ठेवली. कायद्याने वर्गणी रुपयापर्यंत खाली आणली, पण ती गोळा करायला अजूनही कुणालातरी सेलूहून पायवाटेने गावागावांत जावे लागते.

दरम्यान पगाराची खिडकीच बंद झाली. २०१७ मध्ये वेतन प्रदान अधिनियमात दुरुस्ती होऊन पगार धनादेशाने किंवा थेट बँक खात्यात देण्याची मुभा मालकाला मिळाली आणि ठराविक आस्थापनांना ते बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ज्या जागेत पगार वाटला जातो तिथे वर्गणी गोळा करण्याचा हक्क महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिलेला राहिला, पण अशी जागाच उरली नाही. त्यामुळे संघटित क्षेत्रात कपातीला पर्याय राहिला तो मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा किंवा पुन्हा पावती पुस्तकाचा.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९३६ च्या कायद्याची जागा तिने घेतली. कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीने नोंदणीकृत संघटनेची वर्गणी कापण्याची तरतूद तिच्यात कायम आहे, आणि एकूण कपातीची मर्यादा ५० टक्के ठेवली आहे. सोबतच्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क दिला आहे. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद बनते. हा पाठिंबा कसा पडताळायचा, हे संहितेने नियमांवर सोडले आहे. मोजणी पगारपत्रकावर करायची की मतपेटीत, हा १९५८ पासूनचा प्रश्न आता त्या नियमांच्या हाती आहे, आणि दोन्ही उत्तरांसाठी आधी हजेरीपटावर नाव असावे लागते.